झाकणावरचं नाव

नावात एक ‘आर’ जास्तीचा पडला होता.

डिसेंबर १९८०. फरिदाबादमधल्या एका इंजिनिअरिंग कारखान्याच्या कँटीनमध्ये पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या कामगारांचा सत्कार झाला. टेबलावर पांढरी चादर, चादरीवर डब्यांच्या दोन रांगा आणि प्रत्येक डब्यात एक सोनेरी मनगटी घड्याळ. नाव पुकारलं की कामगार पुढे यायचा, साहेबांच्या हातून डबा घ्यायचा, फोटो निघायचा. तिसऱ्या दिवशी त्यांतलेच एक लेथवाले पर्सोनेल खात्यात आले. डबा टेबलावर ठेवून शांतपणे म्हणाले, ‘बहनजी, ये घड़ी मेरी नहीं है।’

ज्यांना ते ‘बहनजी’ म्हणाले त्या मूळच्या साताऱ्याच्या. वय पंचवीस, लग्न होऊन उत्तरेत आल्याला दोन वर्षं, नोकरीला जेमतेम एक. नवरा फरिदाबादमधल्या केंद्र सरकारच्या एका कार्यालयात, त्या या कारखान्यात पर्सोनेल असिस्टंट. सत्काराची यादी त्यांनीच टाइप केली होती. त्यांनी घड्याळ उलटं केलं. मागच्या झाकणावर कंपनीचं नाव, पंचवीस वर्षांच्या सेवेची ओळ आणि त्याखाली कामगाराचं नाव, सगळं इंग्रजीत. त्यांना सगळं बरोबर वाटलं. लेथवाल्यांना स्वतःला इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांची शाळा बन्नूला, उर्दूत झालेली. घरी मुलानं अक्षर न् अक्षर लावून वाचून दाखवलं तेव्हा कळलं, ‘किशन’चं ‘क्रिशन’ झालंय.

मॅनेजरसाहेबांनी विषय तिथेच मिटवायला सांगितलं. घड्याळ चालतंय ना, मग झालं. पण समोरचे गृहस्थ उठेनात. त्यांनी रुमालात गुंडाळलेली प्रॉव्हिडंट फंडाची स्लिप काढली, रेशनकार्ड काढलं, सरहद्दीपलीकडे राहिलेल्या घराच्या भरपाईसाठी केलेल्या दाव्याचा पिवळा पडलेला कागद काढला. तिन्हींवर नाव एकसारखं होतं. ते तसं राहावं म्हणून कुठकुठल्या कचेऱ्यांत खेटे घातले, हे ते सांगत गेले. बाईंनी घड्याळ ठेवून घेतलं आणि त्याची पोच लिहून दिली.

संध्याकाळी त्यांनी रजिस्टर काढून पाहिलं. रजिस्टरात नाव ‘किशन’च होतं. चूक खोदणाऱ्या कारागिराची नव्हती, टाइपरायटरचीही नव्हती. यादी करताना त्यांच्या मराठी कानाला ‘कृष्ण’ शुद्ध वाटला होता आणि ‘किशन’ ही कारकुनाची चूक समजून त्यांनी ते नाव आपल्या समजुतीप्रमाणे दुरुस्त केलं होतं. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पगारपत्रकं केली, अपघातांचे अहवाल लिहिले, युनियनबरोबरच्या वाटाघाटींची टिपणं काढली. पण नोकरीबद्दल कुणी विचारलं की त्या सुरुवात याच घड्याळापासून करतात.

हे समजून घ्यायचं तर ते शहर समजून घ्यायला हवं. आजचं औद्योगिक फरिदाबाद फाळणीतून उभं राहिलं. वायव्य सरहद्द प्रांतातल्या बन्नू, डेरा इस्माईल खान अशा भागांतून आलेल्या निर्वासितांना वसवण्यासाठी १९४९ मध्ये डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली फरिदाबाद विकास मंडळ स्थापन झालं. पंडित नेहरू त्याच्या बैठकांना जातीनं हजर राहत. छावणीत राहणाऱ्या माणसांनीच मजुरी घेऊन आपली घरं बांधली, रस्ते केले. त्या वसाहतीचं नाव ‘न्यू इंडस्ट्रियल टाउनशिप’. लोक ‘एनआयटी’ म्हणतात आणि तिथले भाग आजही आकड्यांनी ओळखले जातात. कुणी एक नंबरला राहतो, कुणी पाच नंबरला. पुढे बाटा, एस्कॉर्ट्स, गुडइयर यांच्यासारखे मोठे कारखाने या पट्ट्यात आले आणि त्यांच्या आगेमागे शेकडो लहान-मोठे. छावणीत वाढलेली पोरं १९५५ च्या सुमारास कारखान्यांच्या शेडमध्ये शिरली. त्यांची पंचवीस वर्षं १९८० मध्ये भरत होती.

कारखान्याच्या जुन्या भरती-रजिस्टरची पानं बाईंनी पुढे इतक्यांदा उलटली की त्यांतली काही त्यांना पाठ झाली. जन्मतारखेच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एक जानेवारी. वयाचा दाखला म्हणून डॉक्टरनं दात पाहून लिहिलेला अंदाज. मूळ गावाच्या रकान्यात सरहद्दीपलीकडची नावं, कुठे उर्दूत, कुठे कारकुनाला जसं ऐकू आलं तसं. घर, जमीन, शाळेचे दाखले, सगळं मागे टाकून आलेल्या कित्येकांचं नाव स्वतंत्र भारतात नोकरीच्या कागदावर पहिल्यांदा उमटलं ते या पानांवर. ‘किशन’ आणि ‘कृष्ण’ यांच्यात फरक काय, असं त्यानंतर त्यांच्या मनात कधी आलं नाही.

यादी करणं हे वरवर पाहता सोपं काम. भरतीची तारीख पाहायची, त्यात पंचवीस मिळवायची. प्रत्यक्षात या यादीवर जेवढे वाद झाले तेवढे बोनसवरही झाले नसतील. कुणी पहिली दोन वर्षं बदली कामगार होता, ती धरायची की नाही? कुणाचा टाळेबंदीत तीन महिन्यांचा खंड पडलेला. कुणाला टीबी झाला, तो आठ महिने सॅनेटोरियममध्ये होता. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यानं सेवेच्या मोजणीला एक चौकट दिली होती: वर्षात २४० दिवस काम भरलं की ते वर्ष धरायचं, आजारपण, रजा, कामगाराचा दोष नसताना झालेला संप किंवा टाळेबंदी यानं सेवा तुटत नाही, आणि प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. घड्याळाला मात्र कायदा नव्हता. ती कंपनीची मर्जी. बाईंनी एक साधं टिपण वर पाठवलं की ग्रॅच्युइटीला जे वर्ष चालतं ते घड्याळालाही चालावं. ते मान्य व्हायला तीन वर्षं लागली. ज्या वर्षी झालं त्या वर्षीची यादी नेहमीपेक्षा लांब होती. तीत सॅनेटोरियमवाल्यांचंही नाव होतं.

मग यायची घड्याळांची खरेदी.

त्या काळी खरेदी म्हणजे एचएमटी. हिंदुस्तान मशीन टूल्स ही बेंगळुरूची सरकारी कंपनी १९५३ ची, यंत्रं बनवणारी यंत्रं तयार करण्यासाठी काढलेली. १९६१ मध्ये तिनं जपानच्या सिटिझनच्या सहकार्यानं मनगटी घड्याळं सुरू केली आणि पहिली घड्याळं नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. त्यानंतरची दोन-अडीच दशकं भारतातलं घड्याळ म्हणजे जनता, पायलट, जवान, कोहिनूर, सोना, कांचन. कारखाने वाढत गेले. श्रीनगरला निघाला, तुमकूरला निघाला, आणि दिल्लीहून त्यातल्या त्यात जवळचा कुमाऊँच्या पायथ्याशी, काठगोदामजवळच्या रानीबागला. तरीही मागणी पुरी होत नसे. लग्नात जावयाला ‘कांचन’च हवं म्हणून लोक ओळखी काढत. डिसेंबरच्या सत्कारासाठी कंपनीची मागणी उन्हाळ्यातच नोंदवावी लागे, आणि तरी नोव्हेंबरात दिल्लीला दोन-चार चकरा ठरलेल्या.

सत्काराच्या पत्रिकेत त्याला ‘सोन्याचं घड्याळ’ म्हणत. सोन्याच्या घड्याळाची ही रीत इंग्रजांची. ब्रिटनमध्ये रेल्वेपासून मोठमोठ्या कारखान्यांपर्यंत दीर्घ सेवेबद्दल नऊ कॅरेटचं घड्याळ देत. गॅरार्डसारख्या सराफांच्या डब्यात घातलेलं, पाठीवर नाव आणि सेवेची वर्षं कोरलेलं. नऊ कॅरेट म्हणजे हजारात ३७५ भाग सोनं. केस बर्मिंगहॅममध्ये तपासलेली असेल तर झाकणाच्या आतल्या बाजूला नांगराचा बारीक ठसा आणि ३७५ हा आकडा दिसतो. स्विस केसवर अठरा कॅरेटला हेल्व्हेशिया देवीचं मस्तक आणि चौदा कॅरेटला खार, असे ठसे १९९५ पर्यंत चालत होते. त्यानंतर सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं आलं. भारतातल्या ब्रिटिश कंपन्यांनी ही रीत इकडे आणली आणि देशी कंपन्यांनी ती पुढे चालवली.

सोनं मात्र पुढे चालवता आलं नाही. चीनच्या युद्धानंतर परकीय चलनाची चणचण होती. मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रणाचे नियम आले, चौदा कॅरेटपेक्षा जास्त शुद्ध दागिने घडवण्यावर बंदी आली. १९६८ मध्ये त्याचा कायदा झाला आणि तो १९९० पर्यंत टिकला. परदेशी घड्याळांच्या आयातीवरही बंधनं. स्विस घड्याळं आणि सोन्याची बिस्किटं एकाच वाटेनं, चोरून, मुंबईच्या किनाऱ्याला लागत. अशा काळात कारखान्याचं सोन्याचं घड्याळ म्हणजे पितळी केसवर सोन्याचा मुलामा, आणि मुलामा मोजायचा मायक्रॉनमध्ये. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. घड्याळावरचा चांगला जाड मुलामाही दहा-वीस मायक्रॉनचा.

आणि मागचं झाकण तर सोनेरीही नसे. मनगटाचा घाम सतत लागतो म्हणून ते स्टेनलेस स्टीलचं. म्हणजे कामगाराचं नाव ज्याच्यावर कोरलं जायचं ते पोलाद.

ते कोरायचं काम चांदणी चौकातल्या एका गल्लीत चाले. दरीबा कलाँच्या सराफांच्या रांगेपासून थोडं आत, जिन्याखालच्या जागेत एक कारागीर पेंटोग्राफ घेऊन बसत. त्यांना सगळे मास्टरजी म्हणत. पितळी पट्ट्यांवर एकेक अक्षराची खाच. हव्या त्या पट्ट्या खोबणीत ओळीनं सरकवून नाव जुळवायचं. यंत्राच्या एका हाताची सुई त्या खाचेतून फिरवली की दुसऱ्या हाताला बसवलेला हिऱ्याचा कण झाकणावर तेच अक्षर बारीक करून ओरखडत जातो. झाकण हलू नये म्हणून लाखेवर चिकटवलेलं. अक्षराची उंची तांदळाच्या दाण्याच्या रुंदीएवढी. मास्टरजी श्वास रोखून एक अक्षर करत, फुंकर मारत, बोटानं पुसत आणि मगच पुढच्या अक्षराला हात घालत. स्टीलवर हात घसरला की घसरला. सोन्यासारखं ते मऊ नाही, चूक दाबून बसवता येत नाही.

त्या शनिवारी बाई अर्ध्या दिवसाची रजा टाकून शटल गाडीनं दिल्लीला आल्या आणि जास्तीच्या ‘आर’चं घड्याळ त्यांनी मास्टरजींपुढे ठेवलं. घासून काढता येईल का? मास्टरजींनी झाकण दिव्याखाली तिरकं धरलं. घासलं तर जाईल, पण झाकण पातळ होईल, केसमध्ये सैल बसेल, धूळ आत जाईल, आणि दोन वर्षांत घड्याळ बंद पडेल. घड्याळाला झाकणच दुसरं हवं. त्यांनी समोरच्या घड्याळजींना हाक मारली. घड्याळजींनी पत्र्याच्या डब्यातून त्याच बनावटीच्या एका मेलेल्या घड्याळाचं कोरं झाकण शोधून दिलं. मास्टरजींनी पट्ट्या जुळवल्या आणि खोदण्याआधी त्या बाईंकडे वळवल्या. ‘एकेक अक्षर बोटानं दाखवत वाचा,’ म्हणाले. बाईंनी वाचलं. झाकणाचे आणि खोदाईचे पैसे त्यांनी स्वतःच्या पर्समधून दिले.

सोमवारी घड्याळ मालकाकडे गेलं. त्यांनी ते खिशात घातलं आणि दुसऱ्या दिवशी परत आले, या वेळी कागदाच्या पुडीत बर्फी घेऊन. मुलानं वाचलं होतं, बरोबर होतं. चुकलेलं झाकण बाईंकडे राहिलं. ते आजही त्यांच्या टेबलाच्या खणात आहे, पिनांच्या डबीत.

पुढच्या वर्षापासून त्यांनी एक चिठ्ठी सुरू केली. सत्काराच्या दोन महिने आधी प्रत्येकाला एक कोरा कागद: झाकणावर नाव जसं हवं तसं, तुमच्या हातानं, तुम्हाला येईल त्या लिपीत लिहा. चिठ्ठ्या आल्या उर्दूत, गुरुमुखीत, हिंदीत, काही इंग्रजीत. लिहिता न येणाऱ्यांनी मुलीकडून, नातवाकडून लिहून आणल्या. कुणी वडलांचं नाव जोडलं, जे रजिस्टरात कधी आलंच नव्हतं. एकानं नावापुढे आपलं बन्नूजवळचं गाव लिहिलं. एवढी अक्षरं मावणार नाहीत म्हणून त्यांना समजावायला त्या शेडमध्ये गेल्या, तर ते म्हणाले, कंपनीचं नाव थोडं बारीक करा. बाईंना ते पटलं. त्या वर्षापासून झाकणावर कंपनीचं नाव वरच्या कडेनं बारीक गोलाईत आणि माणसाचं नाव मधोमध मोठं, अशी मांडणी ठरली. साहेबांनी नमुना पाहिला, काही बोलले नाहीत, सही केली.

पेंटोग्राफच्या पट्ट्या इंग्रजी अक्षरांच्याच होत्या. देवनागरी हवी तर मास्टरजी कोरणी घेऊन हातानं कोरत, आणि दर दुप्पट लावत. हिंदीत नाव हवं असणारे दरवर्षी वाढत गेले. उर्दूसाठी त्यांनी आपल्या ओळखीच्या एका कातिबाकडून कागदावर नाव लिहून घ्यायला सुरुवात केली आणि त्यावरून ते झाकणावर उतरवू लागले. ज्या गृहस्थांना स्वतःचं नाव झाकणावर वाचता येत नव्हतं, त्यांच्यानंतरच्या कितीतरी जणांना ते वाचता आलं.

१९८७ मध्ये पॅकिंग खात्यातल्या एका बाईंची पंचवीस वर्षं भरली. कारखान्यातली या यादीत येणारी ती पहिली स्त्री. लेडीज घड्याळ मागवलं. ते आलं तेव्हा लक्षात आलं की त्याचं झाकण चार आण्याच्या नाण्याहून लहान. कंपनीचं नाव, सेवेची ओळ आणि एवढं मोठं नाव त्याच्यावर बसणंच शक्य नव्हतं. मास्टरजींनी नाव आद्याक्षरांवर आणायचं सुचवलं. पॅकिंगच्या बाईंनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, मला पुरुषांचं द्या, पूर्ण नाव लिहा. त्या पुढची सगळी वर्षं रुंद पट्ट्याचं ते मोठं घड्याळ मनगटावर बांधून कामावर येत राहिल्या.

चावीच्या अशा घड्याळाची गती ताशी १८,००० ठोके. वर्षाचे होतात १५ कोटी ७६ लाख ८० हजार. हा हिशेब एका टूलरूमवाल्यानं सत्काराच्या दिवशी वहीच्या कागदावर करून आणला होता. पंचवीस वर्षांचे सुमारे ३९४ कोटी. तेवढे आपण कारखान्यात ऐकले, असं तो भाषणात म्हणाला आणि शेड टाळ्यांनी भरून गेली.

सगळे प्रसंग असे नव्हते. नव्वदच्या दशकात एका कामगाराच्या विधवेनं त्याचं घड्याळ दरीब्यात नेलं. मुलीचं लग्न होतं. तिला वाटलं होतं, सोन्याचं आहे, पाच-दहा हजार येतील. सराफानं कसोटीवर एक रेघ ओढली, आम्लाचा थेंब टाकला, रेघ गेली. ती तशीच कारखान्यात आली आणि बाईंच्या समोर बसून राहिली. तिनं भांडण केलं नाही. तिच्या नवऱ्यानं पंचवीस वर्षांची किंमत म्हणून ते कपाटात जपून ठेवलं होतं, लॉकरमध्ये ठेवावं का असं विचारत असे, एवढंच तिनं सांगितलं. कंपनीनं ते सोन्याचं आहे असं लेखी कधी म्हटलं नव्हतं, नाही असंही सांगितलं नव्हतं. बाईंनी त्या आठवड्यात प्रशस्तिपत्राचा मसुदा बदलला: ‘सोन्याचा मुलामा दिलेलं घड्याळ’. कुणी विचारलं तर तो मुलामा किती जाड असतो, केस कशाची असते, हेही त्या सांगू लागल्या. वेल्फेअर फंडातून त्या विधवेला काही रक्कम मिळाली. पण तिच्या समोर बसून काढलेली ती दुपार आपल्या नोकरीतली सगळ्यात जड दुपार होती, असं बाई आजही म्हणतात.

खऱ्या सोन्याची घड्याळं काय होतात, हेही त्यांनी चांदणी चौकातच पाहिलं. घड्याळजींच्या दुकानात एकदा त्यांनी ब्रिटिश केसचं नऊ कॅरेटचं घड्याळ उघडताना पाहिलं. नांगराचा ठसा त्यांना तिथेच भिंगातून दिसला. पाठीवर कोलकात्याच्या एका जुन्या कंपनीची, सदतीस वर्षांच्या सेवेची ओळ होती. वारसांना ते विकायचं होतं. पुढच्या वेळी गेल्या तेव्हा काचेच्या कपाटात फक्त मशीन होतं, डायल आणि काट्यांसकट, केसशिवाय. केस सराफानं वजनावर घेतली आणि आटवली. सोन्याचा भाव चढला की असं होतंच, घड्याळजी म्हणाले. मशीनला गिऱ्हाईक मिळत नाही, त्याला सुटे भाग म्हणून ठेवावं लागतं. सदतीस वर्षांची ती ओळ कुणाच्या तरी बांगडीत गेली असेल. कारखान्याची मुलाम्याची घड्याळं मात्र कुणीच आटवली नाहीत. कडांवरचं सोनं झिजून पितळ दिसायला लागलं, काचेवर चरे पडले, पट्टे तीन-तीनदा बदलले. पाठीवरची स्टीलवरची नावं तशीच राहिली.

घड्याळांचा बाजार या काळात पार बदलला होता. टाटा समूह आणि तमिळनाडूचं औद्योगिक विकास महामंडळ यांनी मिळून १९८४ मध्ये टायटन काढली आणि तिची क्वार्ट्झ घड्याळं आली. नोएडातून टायमेक्स आलं. चावी द्यायची सवय मोडली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सत्काराची घड्याळंही सेलवर चालणारी झाली. त्यानंतर गिफ्ट व्हाउचरचा विषय निघाला. कर्मचाऱ्याला वर्षभरात मिळालेल्या पाच हजारांच्या आतल्या वस्तुरूप भेटीवर तेव्हा आयकर नव्हता, आणि बजेटची चर्चा त्या आकड्याभोवती फिरायची. नव्या एचआर मॅनेजरांचं म्हणणं होतं, आज घड्याळ कोण वापरतं, प्रत्येकाला हवं ते घेऊ द्यावं. त्यात तथ्य होतं. बाईंनी विरोध केला नाही. व्हाउचर द्या, पण त्यासोबत नाव कोरलेलं काहीतरी द्या, एवढाच आग्रह धरला. त्या निवृत्त होईपर्यंत तो पाळला गेला.

त्यांची स्वतःची पंचवीस वर्षं २००४ मध्ये भरली. त्या वर्षीच्या यादीत त्यांनी आपलं नाव स्वतःच टाइप केलं. चिठ्ठीही भरली. साताऱ्याच्या पद्धतीनं स्वतःचं, नवऱ्याचं आणि आडनाव, तिन्ही, देवनागरीत. मास्टरजींची नजर अधू झाली होती, पण या झाकणाला त्यांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आडनावातला ‘ळ’ त्यांनी आयुष्यात कधी कोरला नव्हता. बाईंनी कागदावर मोठा काढून दाखवला, दोन्ही गाठी कुठे वळतात ते बोटानं गिरवून दाखवलं. त्यांनी तो आधी एका टाकाऊ पत्र्यावर सहा वेळा कोरला आणि मग झाकणावर.

जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारनं एचएमटीच्या घड्याळ कंपन्या बंद करायला मंजुरी दिली. त्यानंतर जुनी एचएमटी एकाएकी हवीशी झाली. संग्राहक वाढले, भाव चढले, आणि त्याबरोबर घासूनपुसून नवी केलेली घड्याळंही बाजारात आली. मूळ डायल काढून त्यावर भडक रंग आणि नवी नावं छापायची, झाकण बफावर घासून चकाचक करायचं. परदेशी शौकीन अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात आणि त्यापासून दूर राहायला एकमेकांना सांगतात. या उद्योगात सगळ्यात आधी जातं ते पाठीवरचं नाव. परक्याचं नाव असलेलं घड्याळ गिऱ्हाईक मनगटावर घालत नाही, असं विकणारे सांगतात. बाईंच्या ओळखीच्या निवृत्त कामगारांच्या मुलांना असे फोन येतात. आहे का घरात जुनं एचएमटी? काही जण देतात. त्यांतल्या दोघांना बाईंनी विनंती केली की द्यायचं तर द्या, पण झाकणाचा फोटो काढून ठेवा. त्यांनी काढला. लेथवाल्यांच्या मुलानं, ज्यानं १९८० मध्ये ते नाव लावून वाचलं होतं, घड्याळ विकलेलं नाही. तो आता स्वतः निवृत्त आहे आणि रोज सकाळी त्याला चावी देतो.

गेल्या हिवाळ्यात बाईंच्या घड्याळाचा सेल संपला. आता शटल गाडी धरावी लागत नाही. फरिदाबादहून मेट्रोची वायोलेट लाईन २०१७ पासून सरळ लाल किल्ल्यापर्यंत जाते. तिथून चांदणी चौक चालत. मास्टरजी राहिले नाहीत. जिन्याखालच्या जागेत मोबाइलची कव्हरं विकायला आहेत. समोरचं घड्याळांचं दुकान मात्र आहे, गल्ल्यावर घड्याळजींचा मुलगा. त्यानं डोळ्याला भिंग लावलं, सुरीचं पातं कडेच्या खाचेत घालून झाकण उचकटलं आणि हिरव्या कापडावर पालथं ठेवलं.

झाकणाची आतली बाजू बाईंनी आजवर नीट पाहिलीच नव्हती. गुळगुळीत स्टीलवर टाचणीनं काढल्यासारखे बारीक आकडे, एकाखाली एक. महिना आणि वर्ष. दर खेपेला सेल बदलला की घड्याळजी ती तारीख आत ओरखडून ठेवत, पुढच्या दुरुस्तीला कळावं म्हणून. वरच्या चार ओळी वडलांच्या हातच्या, सात हा आकडा मधे आडवी रेघ दिलेला. खालच्या मुलाच्या. बाईंनी चष्मा काढून, झाकण डोळ्यांजवळ धरून त्या सगळ्या मोजल्या. मग ते उलटं करून पाहिलं. ‘ळ’च्या दोन्ही गाठी शाबूत होत्या.

मुलानं नवा सेल बसवला, सुई घेऊन त्या दिवसाची तारीख सगळ्यात खाली ओरखडली, झाकण अंगठ्यानं दाबून बसवलं. मग बिलबुक पुढे ओढलं, नाव लिहायला पेन उचललं आणि थांबला. मराठी आडनाव त्याला दर वेळी अडायचं. त्यानं पावतीपुस्तक वळवून त्यांच्याकडे सरकवलं. ‘नाम आप ही लिख दीजिए।’

बाईंनी पेन घेतलं आणि पूर्ण नाव लिहिलं.